नायकतळ्याकाठी सात तंबू

६ नोव्हेंबर १९६०, रविवार

तंबू आले. घाटंजीहून दोन बैलगाड्या भरून आणले. तंबू सात, खांब चौदा, खुंट्या एकशे शहाऐंशी, त्या ठोकायच्या मोगऱ्या दोन, त्यातली एक फुटकी. पलटणीच्या तंबूगोदामात सतरा वर्षं काढली. मोजल्याशिवाय हात स्वस्थ बसत नाहीत. उन्हाळ्यात सुटून तांड्यावर परत यायला निघालो तेव्हा कप्तानसाहेबांनी ही वही दिली. म्हणाले, लखीराम, नवीन काम सुरू करशील तेव्हा लिहायला लाग. आज लागलो.

काम असं आहे. या तळ्याकाठी तंबू लावायचे. शहरातली कुटुंबं येतील, दोन-चार दिवस राहतील, पाणी बघतील, पाखरं बघतील, जातील. जबलपूरला साहेब लोक बायकापोरं घेऊन नदीकाठी असे राहायचे, ते बघून डोक्यात आलं. तहसिलीतून होळीपर्यंतची परवानगी मिळाली. तिथल्या कारकुनाने दोनदा विचारलं, धड घर सोडून लोक तंबूत झोपायला कशाला येतील? येतील म्हणालो. खात्री मलाही नाही.

दुपारी बा, म्हणजे माझा बाप, काठी टेकत आला. धावजी त्याचं नाव, वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. आमचं बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत चालतं, ते इथे वऱ्हाडीत लिहितो. गाड्यांतून उतरणारं कापड बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आमी पालातून घरात याले दोन पिढ्या घातल्या. अन् तू घरातून पालात चालला."

 माझ्या बायकोने, सोनीने, फक्त विचारलं, झोपणार कुठे. सामान उघड्यावर आहे, राखण हवी, म्हणून इथेच झोपतो म्हणालो.

१० नोव्हेंबर

सातही तंबू उभे झाले. एका सरळ रेघेत, तणावे सारखे, दारं पाण्याकडे. दोरी लावून बघितलं, बोटभर फरक नाही. सकाळी धुकं होतं तेव्हा तळं दिसतच नव्हतं. तंबू कापसाच्या ढिगात बुडवल्यासारखे, नुसते शेंडे वर तरंगत होते. मी चहा घेऊन बसलो आणि चहा गार होईपर्यंत प्यायचं आठवलं नाही.

हे तळं आमच्याच माणसांनी खोदलेलं. लदेणीच्या दिवसांत, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य, कापूस लादून तांडे समुद्रापर्यंत जायचे आणि मीठ घेऊन परतायचे तेव्हा, कुण्या नायकाने बैलांच्या पाण्यासाठी खोदवलं. म्हणून नायकतळं.

बा आला, रेघ बघितली आणि म्हणाला की दारं चुकली. वारा पाण्यावरून येतो. तंबू चंद्रकोरीसारखे लावायचे, पाठी वाऱ्याकडे, मध्ये आवार. मी म्हणालो, लोक पाणी बघायला येणार आहेत, आवार बघायला नाही. तो पाण्याकाठी जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत तिथेच होता. तंबूंवर लक्ष ठेवतो आहे असं दिसतं. म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा.

२० नोव्हेंबर, रविवार

पहिलं कुटुंब आलं. यवतमाळच्या जिनिंग फॅक्टरीचे मॅनेजर पंजाबराव, त्यांच्या बाई कौसल्या, दहा वर्षांची नलू आणि तिच्या दोन लहान बहिणी. सोबत तीन पेट्या, गाद्या, पाटा-वरवंटासुद्धा. कौसल्याबाईंनी तंबूत पाय ठेवला, वर बघितलं, खाली बघितलं आणि पेटीवर बसून राहिल्या. साप येईल का, विंचू येईल का, कोणी आत डोकावेल का, एवढं विचारलं. दिवसभर बाहेर आल्या नाहीत. पंजाबरावांचा चेहरा उतरला. माझाही उतरला.

सोनी भाकऱ्या घेऊन तांड्यावरून आली, ती सरळ त्यांच्या तंबूत गेली. दोघी बराच वेळ आत होत्या. काय बोलल्या माहीत नाही.

२३ नोव्हेंबर

आज पहाटे उजाडता उजाडता कौसल्याबाई एकट्याच पाण्याकाठच्या दगडावर बसलेल्या दिसल्या. पाय पाण्यात. धुकं गुडघ्याइतकं आणि वर आभाळ मोकळं. रानबदकं अगदी जवळून गेली, तरी त्या हलल्या नाहीत. मी आवाज न करता मागे फिरलो.

जाताना सोनीला म्हणाल्या, "घरी मले सकाळ दिसतच नाई बाई. चूलच दिसते." पाटा-वरवंटा बांधलेलाच परत गेला. नलूने विचारलं, हे तळं आम्ही गेल्यावर पण इथेच राहते का. राहतं म्हणालो. तिचा विश्वास बसला नसावा.

४ डिसेंबर

दुपारी पाण्यावरून वारा सुटला. रेघेतले शेवटचे दोन तंबू खुंट्यांसकट उपटून पाण्यात गेले. आत कोणी नव्हतं हे नशीब. कापड पाण्यावर पसरून हळूहळू फुगत होतं, मोठं जनावर श्वास घेतंय असं वाटत होतं. मी छातीभर पाण्यात उतरून ओढून आणलं.

बा काठावर उभा होता. हसला नाही. सात ठिकाणी नुसती काठी टेकवत गेला. तिथे तिथे मी तंबू लावले. चंद्रकोर. पाठी वाऱ्याकडे. बा ओरडून सांगत होता, मी खुंट्या ठोकत होतो. सतरा वर्षं तंबूत काम केलं पण तंबू कुठे लावायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं. नकाशात आखलेलं असायचं.

काम संपल्यावर बाने विचारलं, "तुले हे कायले पाह्यजे होतं?" मी धंद्याचं सांगू लागलो. त्याने ऐकलं नाही, खोकत घराकडे गेला. खोकला आठवडाभर आहे. घाटंजीच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, तंबू कोण बघेल.

एक गोष्ट इथे लिहायला हरकत नाही. राखण करायला आता माणूस ठेवता येईल. पण तांड्यावरच्या घरात मला झोप लागत नाही. भिंती जवळ येतात. सोनीला हे सांगितलेलं नाही.

१८ डिसेंबर, रविवार

आज एक नवलच आलं. घाटंजीच्या रस्त्याने निळी गाडी आली. लष्कराच्या लिलावातली जुनी अँब्युलन्स, लाल फुली खरवडून निळा रंग दिलेला. खिडक्यांना छापील लुगड्याचे पडदे. आत दोन फळ्यांचे पलंग, स्टो, पाण्याचा पिंप, भांड्यांची फळी, बुद्धाची तसबीर. चाकावरचं घर. मालक डोमाजी, उमरखेडचा. उभा जन्म सर्विस मोटारींच्या वर्कशॉपात गेला. त्याची बायको लालीबाई. मुलगी लग्न होऊन गेल्यावर दोघांनी ही गाडी तीन वर्षं खपून बांधली. आता फिरतात. कुठे म्हणाल तर जिकडे रस्ता बरा असेल तिकडे.

डोमाजीने गाडी चंद्रकोरीच्या बाहेर लांब उभी केली. आत घ्या म्हटलं तर राहू द्या म्हणाला. मग म्हणाला, चार वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेतली आमी, तुमाले आधीच सांगून ठेवतो. बरं झालं म्हणालो. मग त्याने विचारलं, "हवालदार, पाणी कुठून घ्याचं?" मला हसू आलं. एवढं तळं समोर पसरलेलं असताना पाणी कुठून घ्यायचं हे काय विचारायचं. घाटाची पायवाट दाखवली. तो तरी उभाच. सोनी भांडी घासत होती, ती उठली, लालीबाईच्या हातातली घागर घेतली आणि तिला घेऊन घाटावर गेली. दोघींनी एकाच पायरीवरून भरलं. परत येताना लालीबाई डोळे पुसत होती. पाय सरकला असेल.

संध्याकाळी सोनी माझ्याकडे बघून म्हणाली, तुमाले काई समजत नाई. काय समजत नाही ते सांगितलं नाही. डोमाजीने गाडी मात्र आत घेतली.

२४ डिसेंबर

बा रोज सकाळी त्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसतो. गाडी उभी, समोर तळं. धुक्यात काच पांढरी होते आणि बा तिच्यातून बघत राहतो. डोमाजी शेजारी स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून बसतो. लांबून वाटतं, दोघं कुठेतरी निघाले आहेत आणि तळंच त्यांच्या अंगावरून मागे सरकत चाललं आहे. मीही काल थोडा वेळ बघत उभा राहिलो, तर मलाही गाडी चालल्यासारखी वाटली. पायाखालची जमीन तपासून घेतली.

सगळे तंबू भरले आहेत. उमरखेडचे एक मास्तर, यवतमाळची दोन घरं. दुपारी सगळे झोपतात. इतकी शांतता असते की तंबूंवर सागाचं पान पडलं तरी ऐकू येतं.

२८ डिसेंबर

डोमाजीने आज मला बाजूला नेऊन सांगितलं. मी जे सतरा वर्षांत ऐकलं नाही, त्याच्या आधीही ऐकलं नाही, ते त्याला दहा दिवसांत कळलं.

बा नऊ वर्षांचा असताना तांड्याच्या शेवटच्या लदेण्यांपैकी एकीत होता. जाताना पैनगंगेच्या काठी त्याची याडी, म्हणजे आई, तापाने गेली. तांडा थांबू शकत नव्हता. बैलांवर माल होता आणि पुढे पाण्याचे मुक्काम ठरलेले. तिथेच काठावर तिला अग्नी दिला आणि निखारे गरम असतानाच तांडा निघाला. परतीची वाट दुसरी होती. मग लदेणी बंद झाली, लोक इथे शेतीला बसले. बा पुन्हा पैनगंगेवर कधी गेला नाही.

"तुमचे बाबा तंबू राखून नाई राह्यले, लखीरामभाऊ," डोमाजी म्हणाला. "ते निघाची वाट पाहून राह्यले. मी दोन तारखेले निघतो. ते संग येतो म्हणते."

२९ डिसेंबर

बाला नाही म्हणालो. खोकला आहे, थंडी आहे, ती गाडी कधी कुठे बंद पडेल सांगता येत नाही. आणि सत्तर वर्षांनी काठावर काय सापडणार.  बाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परवानगी देणारा कारकून आहे. मग मीच चढ्या आवाजात बोललो. तंबूंतले लोक बाहेर आले. लाज वाटली.

सोनी सगळं ऐकत होती. लोक आत गेल्यावर म्हणाली, "तुमी सतरा वर्सं गेले तवा बानं तुमाले अडवलं होतं काय?" नाही म्हणालो. "आपला पोरगा गेला. तुमी महिन्यानं रजेवर आले. त्याले कुठं ठेवला हे बी विचारलं नाई. मी बी सांगतलं नाई. बाले तरी जाऊ द्या."

हे खरं आहे. मी विचारलं नव्हतं. चार दिवस राहिलो, छपराची वळचण दुरुस्त केली आणि रजा संपायच्या आधी परत गेलो. चौदा महिन्यांचा होता. मी त्याला एकदाच बघितलं होतं, तान्हा असताना. हे मी कुठेच लिहिलेलं नाही. आज लिहिलं.

२ जानेवारी १९६१

मीही चाललो. तंबू सोनीवर सोपवले. सगळं समजावून सांगायला लागलो तर म्हणाली, दोन महिने झाले रोज बघते. सोबत सातातला एक छोटा तंबू घेतला. बा पुढच्या सीटवर, मी मागे फळीवर. गाडी खरंच हलली तेव्हा बाने काचेला हात लावला.

४ जानेवारी, पैनगंगेकाठी

काल महागाव, उमरखेड करत आज इथे. रस्त्यात दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला.  बा मध्येच म्हणायचा, इथं उतार लागते, आणि उतार लागायचा. एकदा म्हणाला, आता पाण्याचा वास येते. मला काही आला नाही. पाच मिनिटांनी ओढा आला.

नदी रुंद, पाणी कमी, वाळू पांढरी. डोमाजी काठाकाठाने हळू गाडी नेत होता. एका ठिकाणी बा म्हणाला, थांब. तिथे काही नव्हतं. झाड नाही, दगड नाही. नुसती वाळू आणि थोडं गवत. मी विचारलं, खूण काय. नदी किती वेळा सरकली असेल, ओळखलंस कसं.

"खूण कायले पाह्यजे," बा म्हणाला. "मी आलो ना."

मी तंबू लावला. पाठ वाऱ्याकडे केली. बा तंबूच्या दारात बसला आणि दुपारभर नदी बघत होता. उन्हात वाळू हलल्यासारखी दिसते. मधूनच मला तिकडून बैल उतरताना दिसतात असं वाटलं, पाठीवर गोण्या, पाण्यात पाय टाकायला कचरणारे. डोळे चोळले तर म्हशी होत्या. मग त्याही गेल्या.

ऊन कलताना बा बोलू लागला. "याडीचं तोंड आठवत नाई. लई आठवलं, नाई येत. हात आठवते. कोपरापर्यंत चुडा होता. मले ती बैलावर बसवे तवा चुडा वाजे. त्या दिवशी मी बैलावर बसलो अन् आवाज आला नाई. दुसऱ्या कोणी बसवलं होतं."

मी त्याच्या शेजारी बसलो होतो. त्याचा हात हातात घ्यावा असं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही. तरी घेतला. त्याने काढून घेतला नाही. लालीबाईने चहा आणून ठेवला आणि ती मागे गेली.

५ जानेवारी

सकाळी बा नदीत उतरला, घोट्याइतक्या पाण्यात उभा राहिला, ओंजळीने पाणी प्यायला. परत येऊन म्हणाला की तो डोमाजीसोबत पुढे जाणार. नांदेडकडे, गोदावरीपर्यंत. तेव्हा तांडा गेला तसा. "मी तवा मागं पाहात गेलतो. आता पुढे पाहात जातो."

खोकल्याचं औषध, माझं पलटणीचं ब्लँकेट, छोटा तंबू, सगळं गाडीत ठेवलं. तंबूच्या खुंट्या मोजायला लागलो होतो, तेवढ्यात बाने हाक मारली. जवळ गेलो तर काही काम नव्हतं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी पलटणीत भरती व्हायला निघालो त्या दिवशी ठेवला होता की नाही, आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

निळी गाडी पाण्यातून हळूहळू पलीकडे गेली, काठ चढली आणि झाडांत शिरली. आवाज बराच वेळ येत राहिला. मग आवाज येतोय की मलाच ऐकू येतोय हे कळेना. माझा बाप मला सोडून गेला आणि मला वाईट वाटलं नाही. असं का, ते माहीत नाही.

७ जानेवारी

सर्विस मोटारीने परत. सात तंबूंपैकी सहा उभे, सगळे भरलेले. मी नसताना पंजाबरावांच्या बाई दोन जावांना घेऊन परत आल्या आहेत, या वेळी पुरुष माणूस नाही. सोनीने चंद्रकोरीच्या मधल्या आवारात एकच मोठी चूल मांडली आहे आणि सगळ्या बायका तिथे बसून गप्पा मारतात. काही चुकलं नाही, काही हरवलं नाही. मला थोडं बरं वाटलं, थोडं वाईटही.

सोनीने विचारलं, बा कुठे. मी सांगू लागलो. नदी, वाळू, चुडा. नेहमी मी दोन वाक्यांत संपवतो. आज संपेना. भाजी करपली, तरी ती मध्ये बोलली नाही.

२९ जानेवारी, रविवार

नांदेडहून कार्ड आलं. डोमाजीचं अक्षर. बाबांचा खोकला उतरला, गोदावरीत रोज आंघोळ करतात, गाडीचा पाटा तुटला होता तो बांधला, होळीच्या आधी बाबांना तांड्यावर आणून सोडतो, लालीबाईचा सोनीताईंना जयभीम. खाली बाने स्वतः अंगठा उठवला आहे. सोनीने कार्ड दोनदा वाचून घेतलं.

तहसिलीतून पुढच्या हिवाळ्याची परवानगी आली. कारकुनाने विचारलं, एखादा तंबू आमच्या घरच्यांसाठी मिळेल का.

९ फेब्रुवारी

गेले दहा दिवस मी तांड्यावर झोपतो. खाट अंगणात टाकली आहे. सोनीने तिची शेजारी आणली.

आज सकाळी सोनीला विचारलं, त्याला कुठे ठेवला आहे. तिने हातातलं काम खाली ठेवलं. आम्ही दोघं तांड्यामागे टेकडाच्या उतारावर गेलो. पळस फुलू लागला आहे, पानं सगळी गळालेली. एका पळसाखाली पाच दगड मांडलेले होते. दर वर्षी पावसाळ्यानंतर ती ते सरळ करते म्हणाली. तिथून खाली तळं दिसतं, तंबू दिसतात. धुकं नव्हतं तरी सगळं लांबचं वाटत होतं, झोपेतून उठल्यावर वाटतं तसं.

उत्तम त्याचं नाव. उत्तमसिंग. मी आज ते मोठ्याने घेतलं. सोनी म्हणाली, अजून एकदा घ्या.

मग ती सांगत गेली. इथे लिहून ठेवतो. चार दात आले होते, खालचे आधी. चालायला लागला नव्हता, पण रांगत इतका वेगाने जायचा की बा मागे काठी टाकून धावायचा. गूळ आवडायचा. रानबदकं दिसली की ओरडायचा, आणि ती उडाली की रडायचा. झोपताना सोनीच्या ओढणीवरचा एक आरसा मुठीत धरायचा, तो निघून आला तो तिने अजून ठेवला आहे. ताप तीन दिवस होता. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडून सगळ्यांकडे नीट बघितलं होतं.

डाव्या कानामागे तीळ होता. तुमच्याही आहे, सोनी म्हणाली. मला माहीत नव्हतं.